फ्रिजमध्ये ठेवूनही मांस वारंवार खराब होतंय? कारण असं शोधून काढा

मांस आणलं, आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर हाताला चिकट लागतंय, वासही बदललेला. एखाद्या वेळी असं झालं तर त्या खेपेचा माल शिळा होता म्हणून सोडून देता येतं. पण दर दोन-तीन खेपांमागे हेच होत असेल, तर आणण्यापासून शिजवण्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी मांस तासन्‌तास कोमट राहतंय. बहुतेक घरांत कारण या चारांपैकी एक निघतं: फ्रिज पुरेसा गार नाही, मांसाचा गठ्ठा आतून गार व्हायला फार वेळ घेतोय, मांस ओलं ठेवलं जातंय, किंवा फ्रीझरमधून काढल्यावर ते ओट्यावर वितळतंय.

आधी हातातल्या मांसाचा निर्णय

मांस बिघडलंय का आणि ते खाल्लं तर माणूस आजारी पडेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत हीच घरातली सर्वांत मोठी चूक.

वास आणि चिकटपणा आणणारे जिवाणू वेगळे. हवेत ठेवलेल्या मांसावर मुख्यतः स्यूडोमोनास गटातले जिवाणू वाढतात, आणि ते फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतात. मांसाच्या एका चौरस सेंटिमीटरवर त्यांची संख्या साधारण १ कोटीवर गेली की वास जाणवू लागतो; १० कोटींच्या आसपास बुळबुळीत थर हाताला लागतो. म्हणजे नाकाला कळतं तेव्हा वाढ बरीच पुढे गेलेली असते.

आजार करणारे जिवाणू वेगळे: साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर, स्टॅफिलोकॉकस. त्यांची संख्या धोक्याच्या पातळीवर गेली तरी मांसाला वास, रंग, चव यांपैकी काहीच बदललेलं नसू शकतं. म्हणून नाकाला फक्त एकाच बाजूचा निकाल देऊ द्यावा. वास आला तर मांस टाकायचं, हे पक्कं. वास नाही म्हणून मांस चांगलं, हे मात्र पक्कं नाही. तो निर्णय घड्याळ आणि थर्मामीटर देतात.

घड्याळाचा नियम असा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. कच्चं असो वा शिजवलेलं, मांस या पट्ट्यात एकूण २ तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेरचं तापमान ३२ अंशांवर असेल तर मर्यादा १ तास. "एकूण" हा शब्द महत्त्वाचा आहे. घरी आणताना गेलेला पाऊण तास, धुण्या-कापण्याचा अर्धा तास आणि मसाला लावून ओट्यावर ठेवलेला एक तास, हे सगळे एकाच खात्यात जमा होतात. फ्रिजमध्ये ठेवल्याने ते खातं पुन्हा शून्यावर येत नाही.

मांस रात्रभर बाहेर राहिलं असेल तर वास न घेताच टाका. "नीट उकळलं की सगळं मरतं" हा युक्तिवाद इथे चालत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मांसात जे विष सोडतो, ते उकळूनही नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष राहतं. चव घेऊन तपासण्याचा प्रयत्नही करू नका.

वास आणि स्पर्श कसा तपासायचा

गार मांसाचा वास कमी येतो आणि बंद पिशवीतला कोंडलेला वास फसवतो. म्हणून पिशवी उघडून मांस ताटलीत पसरा आणि पाच-दहा मिनिटांनी वास घ्या. हातांना सुगंधी साबणाचा वास नसावा. वरवर नाही, तर जिथे बिघाड आधी सुरू होतो तिथे नाक न्यायचं: कोंबडीच्या पंखाखाली, कातडीच्या घड्यांत, सांध्याजवळ, तळाच्या तुकड्यांवर, आणि मोठ्या तुकड्यात हाडालगत.

कोंबडीला आधी ओल्या, न वाळलेल्या फडक्यासारखा कुबट वास येतो, मग सडक्या अंड्यासारखा. लाल मांसाचा वास सुरुवातीला विचित्र गोडसर किंवा चीजसारखा असू शकतो. हा टप्पा अनेकांच्या हातून निसटतो, कारण तो "घाण" वाटत नाही. त्यानंतर उग्र, कुजका वास येतो. व्हॅक्यूम पॅकमधलं मांस बिघडलं तर आंबूस वास येतो, कारण हवा नसल्याने तिथे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. मात्र चांगलं व्हॅक्यूम पॅकही उघडल्या उघडल्या थोडं आंबूस लागतं. तो कोंडलेला वास १५-२० मिनिटांत उडून जातो. नाही गेला तर मांस टाका. आणि जुन्या तेलासारखा खवट वास आला तर तो जिवाणूंचा नाही, चरबीचा आहे. फ्रीझरमध्ये फार काळ राहिलेल्या मांसाला, विशेषतः कोंबडी आणि खिम्याला, तो येतो.

ओलसरपणा आणि चिकटपणा यांतला फरक कोरड्या किचन पेपरने कळतो. तुकडा टिपून घ्या, मग बोट फिरवा. नुसतं पाणी असेल तर ते टिपलं जातं. थर असेल तर टिपल्यावरही बोट घसरतं किंवा उचलताना बारीक तार येते. असा थर धुऊन काढून मांस वापरू नका. वरचा थर धुतला जातो, त्याखाली जे झालंय ते जात नाही.

रंगावर मात्र फार विसंबू नका. मांसाचा रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे असतो. हवा न लागलेलं मांस जांभळट लाल दिसतं, हवा लागली की अर्ध्या तासात तेजस्वी लाल होतं, आणि ठेवून दिलं की तपकिरी पडतं. खिम्याच्या गोळ्याचा मधला भाग तपकिरी-करडा असतो, कारण तिथवर प्राणवायू कमी पोचतो. यातलं काहीही एकट्याने बिघाड सांगत नाही. कापलेल्या सपाट पृष्ठभागावर इंद्रधनुषी हिरवट झाक दिसते, तो तंतूंवर पडलेल्या प्रकाशाचा परिणाम. तुकडा तिरपा केला की ती हलते. पण न हलणारा मंद हिरवा किंवा करडा-हिरवा डाग दिसला तर तो जिवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा किंवा बुरशीचा असू शकतो. ते मांस टाकायचं. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाजवळचा काळपट लाल रंग हा कोवळ्या हाडातून झिरपलेला रंग आहे, विशेषतः मांस गोठवलेलं असेल तर. आतलं तापमान ७४ अंशांवर गेलेलं असेल तर त्याने काही बिघडत नाही.

बिघाड कुठून सुरू झाला, यावरून कारण ओळखा

पुढच्या वेळी मांस खराब झालं की फेकण्याआधी एक मिनिट थांबून पाहा, कुठला भाग सर्वांत वाईट आहे.

सगळ्या तुकड्यांवर सारखाच चिकटपणा असेल, आणि दूध, शिजवलेलं अन्नही लवकर आंबत असेल, तर फ्रिजवर संशय घ्या. वरचे तुकडे बरे आणि गठ्ठ्याच्या मधले वाईट, किंवा मोठ्या तुकड्यात बाहेरून ठीक पण हाडालगत वास, असं असेल तर मांस आतून वेळेत गार झालं नाही. फक्त तळाचे, पाण्यात बुडालेले तुकडे बिघडले असतील तर ओलाव्याचा दोष आहे. आणि न गोठवता ठेवलेलं नीट राहतं पण फ्रीझरमधून काढलेलं बिघडतं, तर वितळवण्याची पद्धत तपासा.

फ्रिज खरंच किती गार आहे

डायलवरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी, एवढंच. बाहेरच्या पडद्यावर आकडा दिसत असेल तर तोही अनेकदा ठरवलेलं तापमान दाखवतो, मांसाच्या जागेचं नाही.

फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. आधी तो तपासा: पेलाभर चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा, त्यात थर्मामीटर पाच मिनिटं ठेवा. आकडा ० यायला हवा. एखाद-दोन अंशांचा फरक असेल तर तो लक्षात ठेवून पुढे वजा-अधिक करा. मग पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून पेला जिथे मांस ठेवता नेमक्या त्या जागी रात्रभर ठेवा. नुसत्या हवेत ठेवला तर दार उघडताच आकडा उडी मारतो. पाण्यातला आकडा मांसाच्या जवळचा असतो. पहिलं वाचन सकाळी, दार पहिल्यांदा उघडताक्षणी. दुसरं वाचन दिवसभराच्या वापरानंतर, रात्रीच्या जेवणाआधी.

दोन्ही वाचनं ४ अंश किंवा त्याहून कमी हवीत. मांसाच्या जागी १ ते ३ असेल तर उत्तम. इथे एकेका अंशाला किंमत आहे. ० अंशांच्या तुलनेत ५ अंशांवर मांस बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट असतो आणि १० अंशांवर चौपट. म्हणजे शून्याजवळ चार दिवस टिकणारं मांस १० अंशांच्या फ्रिजमध्ये एका दिवसात तेवढंच जुनं होतं. "फ्रिजमध्ये ठेवलं होतं" या वाक्याचा म्हणूनच काही अर्थ नाही; किती अंशांवर ठेवलं होतं, ते महत्त्वाचं.

सकाळचं वाचन ठीक आणि संध्याकाळचं ७-८ अंश आलं, तर यंत्र चांगलं आहे, वापर जास्त आहे: दार वारंवार उघडणं, कोंबून भरणं, गरम भांडी आत ठेवणं. मांसाची जागा दारापासून लांब, खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला करा. फ्रीझरखाली चिलर ट्रे असेल तर तीही मोजून पाहा, अनेकदा तीच सर्वांत गार जागा असते. पण तिथून पाणी खालच्या अन्नावर ठिबकू शकतं, म्हणून मांस खोल आणि झाकणाच्या डब्यातच ठेवा.

दोन्ही वाचनं जास्त असतील तर या क्रमाने जा. डायल एक घर वाढवा आणि २४ तासांनी पुन्हा मोजा. लगेच मोजण्यात अर्थ नाही. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटून आली तर त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंनी हे करा. पुष्कळदा रबर नुसतं चिकट-मळकट झालेलं असतं आणि कोमट साबणपाण्याने पुसल्यावर नीट बसतं. मागची किंवा खालची जाळी धुळीने भरली असेल तर फ्रिजचं प्लग काढून ब्रशने साफ करा. मागे भिंतीपर्यंत हवा खेळेल एवढी जागा ठेवा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये आणखी एक दोष वारंवार दिसतो. फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, पण खालचा भाग कोमट राहतो. अनेक मॉडेलांत गार हवा वरून पंख्याने खाली येते. त्या हवेच्या झडपेसमोर पिशवी टेकलेली असेल तर ती हलवा. झडप मोकळी असूनही असंच होत असेल, तर फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दारं उघडी ठेवून पूर्ण एक दिवस वितळू द्या. त्यानंतर आठ-पंधरा दिवस सगळं नीट आणि पुन्हा तोच त्रास, असं झालं तर आतल्या गार करणाऱ्या नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ साचतोय; तो आपोआप वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर किंवा त्याचा सेन्सर गेलेला असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकला हे लक्षण नेमकं सांगा, उगाच गॅस भरण्याचा खर्च टळेल. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या भिंतीवर अर्धा सेंटिमीटर बर्फ चढला की तो वितळवून टाका.

मांस आतून गार होत नाही, हे सर्वांत दुर्लक्षित कारण

फ्रिज ३ अंशांवर आहे, तरी मांस खराब होतंय? मग पिशवीची जाडी मोजा.

नुकतंच कापलेलं मांस प्राण्याच्या अंगाच्या उष्णतेचं असतं, म्हणजे जवळपास ३९-४० अंश. असं दोन किलो मांस एका पिशवीत गाठ मारून फ्रिजमध्ये ठेवलं, तर बाहेरचा थर तासाभरात गार लागतो, पण गठ्ठ्याच्या मध्याला फ्रिजच्या तापमानाला यायला रात्र जाते. मांसातून उष्णता हळू बाहेर येते आणि फ्रिजमधली हवा ती हळूच उचलते. जाडी दुप्पट केली की गार व्हायचा वेळ दुप्पट नाही, चौपटीपर्यंत वाढतो. त्या मधल्या तासांत जिवाणूंची जी वाढ झाली, ती नंतर कितीही थंडी दिली तरी मागे जात नाही.

उपाय सोपा आहे आणि त्याने खूप फरक पडतो. घरी आल्यावर मांस लहान पुड्यांत वाटा, प्रत्येकी एका वेळी शिजवाल तेवढंच. प्रत्येक पुडा दाबून २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा चपटा करा. पुडे एकमेकांवर न रचता, धातूच्या ताटात सुटे ठेवा. धातू उष्णता लवकर ओढतो. मांस अजून कोमट असेल तर आधी घट्ट बंद पिशवीत घालून बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात २०-३० मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी जास्त वेगाने गार करतं, कारण ते पिशवीला सगळीकडून भिडतं. तीन-चार तासांनी पुडे पूर्ण गार झाले की मग रचायला हरकत नाही.

हाडासकट मोठी मांडी अखंड ठेवणं धोक्याचं आहे, कारण हाडालगतचा भाग सगळ्यांत शेवटी गार होतो. ताजी असेल तर सांध्यावर तोडून ठेवा.

एक उपप्रश्न नेहमी येतो: अगदी ताजं लाल मांस लगेच गोठवलं की वातड का होतं? प्राणी मारल्यावर स्नायू काही तासांत ताठरतात आणि मग हळूहळू सैल पडतात. ताठरण्याआधीच गोठवलेलं मांस वितळताना जोराने आकसतं, भरपूर पाणी सोडतं आणि चिवट राहतं. म्हणून ताजं बोकडाचं किंवा मेंढीचं मांस चपट्या पुड्यांत एक दिवस फ्रिजमध्ये राहू द्या, मग गोठवा. हा चवीचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा नाही. त्यासाठी ते बाहेर ठेवू नका.

ओलावा, आणि "मसाला लावलाय, टिकेल"

धुतलेलं ओलं मांस कोरड्या मांसापेक्षा लवकर चिकट होतं. कोंबडी नळाखाली धुतल्याने जिवाणू कमी होत नाहीत. त्यांचे शिंतोडे बेसिन, ओटा आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. हाडाचे कण किंवा घाण असेल तर ओल्या किचन पेपरने पुसा. धुवायचंच असेल तर शिजवण्याच्या अगदी आधी, भांड्यातल्या संथ पाण्यात धुवा, आणि बेसिन साबणाने घासा.

ठेवण्याआधी तुकडे कोरडे टिपा. डब्याच्या तळाशी जाळी किंवा किचन पेपरची दुहेरी घडी घाला, म्हणजे मांस स्वतःच्या पाण्यात बसणार नाही. ते लालसर पाणी रक्त नव्हे. ते मांसातलं पाणी आणि मायोग्लोबिन आहे, आणि जिवाणूंना वाढायला तयार खाद्य. रोज ते ओता आणि कागद बदला.

मीठ, लिंबू किंवा दही लावलं म्हणून मांसाची मुदत वाढत नाही. स्वयंपाकात आपण लावतो तेवढं मीठ आणि आंबट मांस टिकवायला पुरेसं नसतं. मसाल्याचा वास मात्र बिघाडाचा वास झाकतो, आणि ते जास्त वाईट. मुरवणं फ्रिजमध्येच, आणि दिवस मोजायचे ते मांस आणल्यापासून. कच्च्या मांसावरचा उरलेला मसाला उकळल्याशिवाय वाढू नये.

किती दिवस

४ अंशांवर कच्ची कोंबडी १ ते २ दिवस. खिमाही तेवढाच, कोणत्याही प्राण्याचा असो: दळताना बाहेरचे जिवाणू आतवर मिसळतात. कलेजी आणि इतर अवयव १ ते २ दिवस, शक्यतो पहिल्याच दिवशी. लाल मांसाचे मोठे तुकडे ३ ते ५ दिवस. शिजवलेलं मांस ३ ते ४ दिवस. कोंबडीत मांडीचे तुकडे छातीच्या तुकड्यांआधी बिघडतात, कारण मांडीच्या मांसाची आम्लता कमी असते. म्हणून दोन्ही असतील तर आधी मांडी शिजवा. काही वेळा लाल मांस नेहमीपेक्षा गडद, घट्ट आणि कोरडं दिसतं. मारण्याआधी प्राणी फार दमलेला किंवा घाबरलेला असला की त्याच्या स्नायूंतली साखर संपलेली असते, मांसात आम्ल तयार होत नाही, आणि असं मांस लवकर वास मारतं. ते साठवू नका, त्याच दिवशी शिजवा.

घरात गरोदर स्त्री, लहान मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल तर या मुदतींचा खालचा आकडाच धरा. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या तापमानातही हळूहळू वाढतो, आणि याच लोकांना त्याचा धोका सर्वाधिक.

फ्रीझर आणि वितळवणं

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, थांबतात. वितळल्यावर जिथे थांबले तिथून पुढे सुरू होतात. म्हणून मुदत संपत आल्यावर "आता फ्रीझरमध्ये टाकू" हा विचार चुकीचा. दोन दिवसांत शिजवणार नसाल तर गोठवायचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या.

फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. दारावर किंवा आत तारे छापलेले असतील तर ते वाचा: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका ताऱ्याच्या कप्प्यात आठवडाभर, दोन ताऱ्यांच्या कप्प्यात महिनाभर, त्यापुढे नको. उणे १८ वर खिमा ३-४ महिने, कोंबडीचे तुकडे ९ महिन्यांपर्यंत, लाल मांसाचे मोठे तुकडे ४ ते १२ महिने चांगली चव राखतात. त्यानंतर मांस धोकादायक होत नाही, पण चरबी खवट होते आणि पृष्ठभाग पांढरट, कोरडा पडतो. तो भाग कापून बाकीचं वापरता येतं. हवा काढून घट्ट गुंडाळलं तर हे बरंच टळतं.

एका दिवशी फार माल भरू नका: फ्रीझरच्या दर ५० लिटर जागेमागे दीड-दोन किलो पुरे. त्याहून जास्त कोंबलं तर नवं मांस सावकाश गोठतं आणि आधीचं अर्धवट सैल पडतं. प्रत्येक पुड्यावर तारीख लिहा.

ओट्यावर वितळवलेल्या मांसाचा मध्य अजून बर्फ असतो तेव्हा बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला आलेला असतो, आणि तासन्‌तास तिथेच राहतो. फ्रिजमध्ये वितळवा: चपटा अर्ध्या किलोचा पुडा रात्रभरात सुटतो, अखंड कोंबडीला २४ तास किंवा जास्त लागतात. घाई असेल तर न गळणाऱ्या पिशवीत गार पाण्यात, दर ३० मिनिटांनी पाणी बदलत. अर्ध्या किलोला साधारण तासभर. गार पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं मांस लगेच शिजवा. फ्रिजमध्ये वितळलेलं मांस न वापरता पुन्हा गोठवता येतं, फक्त ते आणखी पाणी सोडतं. बाहेर वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज सुमारे ४ तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. तुम्ही घरी नसताना काय झालं ते कळायला फ्रीझरमध्ये एका पेल्यात पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर फ्रीझर वितळून पुन्हा गोठलाय, मांस टाका.

शिजवल्यानंतरचा बिघाड

मोठ्या पातेल्यातलं मांस झाकून रात्रभर ओट्यावर गार होऊ देणं हे इथलं नेहमीचं कारण. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचे बीजाणू (त्याची कवचातली सुप्त अवस्था) उकळण्यातूनही वाचतात, आणि रस्सा कोमट होताना ते जागे होऊन, विशेषतः ४०-४५ अंशांच्या आसपास, फार वेगाने वाढतात. उरलेलं ५ सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या पसरट डब्यांत काढा, वाफ जिरली की फ्रिजमध्ये ठेवा, कोणत्याही परिस्थितीत २ तासांच्या आत. पसरट डबा थोडा गरम असला तरी फ्रिजला काही होत नाही. अख्खं गरम पातेलं मात्र आत ठेवू नका. पुन्हा गरम करताना खाल तेवढंच काढा आणि ते मध्यापर्यंत ७४ अंशांवर, म्हणजे सगळीकडून वाफाळेपर्यंत तापवा.

फ्रिज साफ करताना

एकदा मांस सडलं असेल तर त्या कप्प्यातले जिवाणू पुढच्या खेपेला आयतेच मिळतात. कप्पा आणि डबे काढून गरम साबणपाण्याने घासा. मग ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून पुसा, काही मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी निघून जायचं भोक आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे विसरू नका. तिथे मांसाचं पाणी गेलेलं असेल तर कितीही पुसलं तरी वास जात नाही. मांस कापायचा बोर्ड खोल चरे पडलेला असेल तर बदला.

एवढं करूनही तेच होत असेल

मग दोष मांसात की घरात, हे एका खेपेत ठरवता येतं. एकाच वेळी एकाच तुकड्यातलं अर्धा किलो मांस आणा. त्याचे दोन भाग करा. एक भाग आल्याबरोबर टिपून, चपटा करून, बर्फाच्या पाण्यात गार करून मोजलेल्या ३ अंशांच्या जागी ठेवा. दुसरा भाग नेहमी ठेवता तसाच ठेवा. २४ आणि ३६ तासांनी दोन्ही तपासा, वर सांगितलं तसं. पहिला भाग ठीक आणि दुसरा चिकट, तर सुधारणा घरात करायची आहे. दोन्ही जवळपास एकाच वेळी बिघडले, तर मांस तुमच्या हाती येण्याआधीच बराच वेळ उघड्यावर होतं. तिथून पुढे सकाळी लवकर, डोळ्यांसमोर कापलेलं किंवा थंड काउंटरमधलंच मांस घ्या, बाकीची खरेदी आटोपल्यावर शेवटी घ्या, आणि बर्फाची पिशवी घातलेल्या थर्मल बॅगेतून घरी आणा.